कडू दुधाची गोष्ट

आमच्या टीममधल्या एकाला मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात आईचं दूध पुरेना म्हणून वरचं दूध सुरू केलं, आणि पंधरा दिवसांत गालावर लाल चट्टे, सतत उलट्या आणि शीमध्ये रक्ताचे बारीक धागे. डॉक्टरांनी निदान केलं गायीच्या दुधाच्या ॲलर्जीचं आणि एक विशिष्ट पावडर लिहून दिली. केमिस्टकडून डबा आणल्यावर त्याने मला डब्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "यात सोनं घालतात का रे? आणि वास तर असा येतो की विचारू नकोस."

सोनं घालत नाहीत. पण मी आपला उत्सुकतेपोटी दोन वीकेंड या विषयात घातले आणि इतकं काही सापडलं की म्हटलं, लिहूनच टाकावं. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे हे वाचून कुणी बाळाचं दूध बदलू नये. ही गोष्ट फक्त त्या डब्याच्या इतिहासाची.

आधी एक घोटाळा मिटवू, कारण ऑफिसात दहापैकी आठ जण इथेच गडबडतात. 'दूध पचत नाही' आणि 'दुधाची ॲलर्जी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी अनेकांना मोठेपणी दूध प्यायलं की गॅस होतो, ते लॅक्टोज या साखरेमुळे. ती पचवणारं एन्झाइम वयानुसार कमी होतं, एवढंच. ॲलर्जीत भांडण साखरेशी नसतं, प्रोटीनशी असतं. मुख्य आरोपी दोन: केसीन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. यातलं दुसरं तर आईच्या दुधात मुळात तयारच होत नाही. बाळाची प्रतिकारयंत्रणा या प्रोटीनला घुसखोर समजते आणि अलार्म वाजवते. म्हणून नुसता 'लॅक्टोज फ्री' लिहिलेला डबा आणून इथे काहीही फायदा होत नाही. प्रोटीन तसंच्या तसं आत बसलेलं असतं.

आता इतिहास. दुधाचे पदार्थ काहींना चालतात आणि काहींना मुळीच सोसत नाहीत, हे हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या प्राचीन ग्रीक ग्रंथातही आहे. तिथे उदाहरण चीजचं आहे. पण तान्ह्या बाळांचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो एकोणिसाव्या शतकात, वरचं दूध कारखान्यातून येऊ लागलं तेव्हा. १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने गव्हाचं पीठ, माल्ट, गायीचं दूध आणि पोटॅशियम बायकार्बोनेट असं मिश्रण बाळांसाठी सुचवलं. दोनच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या वेव्हे गावात हेन्री नेस्लेने आपलं दूध आणि पिठाचं बाळअन्न बाजारात आणलं. (पुढे काय झालं ते आपल्या प्रत्येकाच्या किचनमध्ये मॅगीच्या रूपात आहेच.) आईविना वाढणाऱ्या बाळांना यामुळे आधार मिळाला यात शंका नाही. पण लाखो बाळं गायीच्या दुधावर वाढू लागली की त्यातली ज्यांना ते सोसत नाही ती डॉक्टरांच्या नजरेत येणारच. आपल्या भाषेत सांगायचं तर युजर बेस वाढला आणि जुना बग दिसायला लागला.

तो बग पहिल्यांदा नीट नोंदवला जर्मन बालरोगतज्ज्ञांनी. १९०५ मध्ये आर्थर श्लॉसमान आणि हाइनरिश फिंकेलस्टाइन यांनी गायीच्या दुधामुळे तान्ह्या बाळांना येणाऱ्या तीव्र प्रतिक्रियांबद्दल लिहिलं. तोवर 'ॲलर्जी' हा शब्दसुद्धा अस्तित्वात नव्हता! तो तयार केला व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने, १९०६ मध्ये. तो आणि त्याचा सहकारी बेला शिक हे घटसर्पावर घोड्याच्या रक्तातला सीरम टोचलेल्या मुलांचा अभ्यास करत होते. काही मुलांना दुसऱ्या वेळी फार जोरात त्रास व्हायचा. म्हणजे शरीर पहिली भेट लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी वेगळं वागतं. या 'वेगळं वागण्या'ला त्याने नाव दिलं ॲलर्जी. निदान सापडलं, नाव मिळालं. प्रश्न राहिला तो साधाच पण जीवघेणा: मग या बाळाला पाजायचं काय?

सगळ्यात पहिला उपाय सुचतो तो दुसऱ्या जनावराच्या दुधाचा. आपल्याकडे आजही आज्ज्या सांगतात, "गायीचं सोसत नाही ना, मग शेळीचं दे." दुर्दैवाने हे चालत नाही. शेळीच्या दुधातली प्रोटीन्स गायीच्या प्रोटीन्सशी इतकी मिळतीजुळती आहेत की दुधाची ॲलर्जी असलेली दहातली नऊ मुलं शेळीच्या दुधालाही प्रतिक्रिया देतात. म्हशीचीही तीच कथा. (आपल्याकडे हे महत्त्वाचं, कारण १९६० मध्ये आलेली अमूलची बाळांची पावडर म्हशीच्या दुधापासूनच बनवलेली होती. म्हैसूरच्या सीएफटीआरआयने त्यासाठीची प्रक्रिया शोधली होती, आणि ती त्या काळातली मोठीच कामगिरी होती.) गंमत म्हणजे गाढविणीचं दूध या मुलांपैकी बहुतेकांना चालतं, हे इटलीतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आपल्याकडे मराठवाड्यात गल्लीबोळांतून गाढवीण घेऊन चमच्याने दूध विकणारे फिरतात, त्यांना हे कळलं तर भाव अजून वाढेल :) पण त्यात स्निग्धांश इतका कमी असतो की तान्ह्या बाळाला नुसत्या त्यावर वाढवणं शक्य नाही. शिवाय कच्च्या दुधातून होणाऱ्या जंतुसंसर्गाची भीती वेगळीच.

दुसरा मार्ग जनावरं सोडून देण्याचा. बाल्टिमोरच्या जॉन रूरा या डॉक्टरने १९०९ मध्ये बाळांच्या आहारात सोयाबीन वापरण्याबद्दल लेख लिहिला. १९२९ मध्ये बोस्टनच्या हिल आणि स्टुअर्ट यांनी दूध न सोसणाऱ्या बाळांसाठी सोयाचं तयार अन्न वर्णन केलं. हे काम खरोखर उपयोगी होतं, पण सोयाच्या पिठाचं ते पेय काही फार गोंडस प्रकरण नव्हतं. बाळांना पातळ, उग्र वासाची शी व्हायची, कपड्यांवर डाग पडायचे. आणि एक छुपा दोषही होता. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत सोयावर वाढणाऱ्या काही बाळांना चक्क गलगंड झालेला आढळला. सोयामुळे आयोडीनचा हिशेब बिघडत होता. आयोडीन घातल्यावर तो प्रश्न सुटला आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर पिठाऐवजी सोयाचं शुद्ध केलेलं प्रोटीन वापरात आलं. तरीही दुधाची ॲलर्जी असलेल्या साधारण दहातल्या एका बाळाला सोयाही चालत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर २००६ मध्ये सहा महिन्यांखालच्या ॲलर्जिक बाळांना सोया देऊच नका असा सल्ला दिला.

आता येतो तो वासाचा डबा. यामागची कल्पना मला इंजिनियर म्हणून फार आवडली. दूध बदलू नका, प्रोटीन तोडा! प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. प्रतिकारयंत्रणा त्यातले ठराविक तुकडे ओळखते, आपण लॉगमध्ये एखादी स्ट्रिंग शोधतो तसं. साखळीचे इतके बारीक तुकडे केले की ती स्ट्रिंग सापडूच नये, तर अलार्म वाजणार नाही आणि पोषण मात्र तेवढंच मिळेल. मटण शिजवताना कच्ची पपई लावतात ते आठवा. पपईतलं पपेन हे एन्झाइम मांसातली प्रोटीन्स तोडतं आणि मटण मऊ होतं. तत्त्व तेच. केसीन घ्यायचं, त्यात स्वादुपिंडातून मिळवलेली एन्झाइम्स घालायची, आणि बाळाच्या पोटात जे होणार ते आधीच कारखान्यात करून टाकायचं. या 'आधीच पचवलेल्या' प्रोटीनला हायड्रोलायसेट म्हणतात.

अमेरिकेतल्या मीड जॉन्सन कंपनीने १९४२ मध्ये केसीनच्या हायड्रोलायसेटवर बनवलेलं न्यूट्रामिजेन आणलं. ॲलर्जिक बाळांसाठीचं अशा प्रकारचं हे पहिलं फॉर्म्युला. (कंपनीचा संस्थापक एडवर्ड मीड जॉन्सन हा जॉन्सन अँड जॉन्सनच्या भावंडांपैकीच एक, बरं का.) योगायोग असा की हा आजार ज्यांनी पहिल्यांदा नोंदवला त्यातले फिंकेलस्टाइन त्याच १९४२ मध्ये वारले, तेही बर्लिनपासून हजारो मैल दूर, चिलीच्या सांतियागोत. ते ज्यू होते. आयुष्यभर बर्लिनमधली तान्ही बाळं वाचवणाऱ्या माणसाला सत्तरी उलटल्यावर देश सोडावा लागला होता.

हायड्रोलायसेट हे त्या काळातलं एकदम हॉट तंत्रज्ञान होतं, बाळांपेक्षा मोठ्यांसाठी जास्त. ज्याचं पोट काम करत नाही त्याला तोडलेलं प्रोटीन थेट शिरेतून द्यायचं, अशी ती कल्पना. आणि त्याची एक मोठी परीक्षा आपल्याच देशात झाली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्यात उपासमारीने मरणपंथाला लागलेल्या माणसांवर तिथल्या डॉक्टरांनी प्रोटीन हायड्रोलायसेट वापरून पाहिली, आणि त्याबद्दल १९४४ मध्ये इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये लिहिलं. निष्कर्ष आशादायक होते. मग १९४५ मध्ये बर्गन-बेल्झनची छळछावणी मुक्त झाली तेव्हा ब्रिटिश डॉक्टर जॅनेट व्हॉन हायड्रोलायसेट घेऊन तिथे पोचल्या. तिथे मात्र ते साफ फसलं. तोंडाने द्यावं तर चव इतकी घाण की लोक थुंकून टाकत. आणि शिरेतून द्यावं तर सुई बघून ते किंचाळायला लागत, कारण छावणीत सुईचा अर्थ मरण असा होता. शेवटी थोडं थोडं दूध देणंच बरं ठरलं. त्याच छावणीत 'बंगाल फॅमिन मिक्श्चर' नावाचं गोड मिश्रणही नेलं होतं, पण पूर्व युरोपातल्या लोकांना ते फार गोड लागलं. आपली उपासमार आणि त्यांची उपासमार यांच्यातला हा धागा मला माहीतच नव्हता.

चव का घाण? केसीन अखंड असताना त्याचे काही कडू भाग आत दडलेले असतात. साखळी तोडली की ते उघडे पडतात. आणि सुटी झालेली काही अमिनो आम्लं गंधकयुक्त असतात, त्यांचा तो वास. म्हणजे कडूपणा हा उत्पादनातला दोष नाहीच, प्रोटीन तुटल्याची ती खूण आहे.

याच तंत्रातून १९५० च्या सुमारास आणखी एक गोष्ट घडली. ती दुधाच्या ॲलर्जीची नाही, पण सोडवत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयात एका लहान मुलीला फिनाइलकीटोन्युरिया हा आजार निघाला. यात फिनाइलॲलनीन हे एक अमिनो आम्ल शरीराला हाताळता येत नाही आणि मेंदूची वाढ खुंटते. त्या काळी यावर उपाय नव्हता. पण त्या मुलीची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राही आणि विचारी, काही सापडलं का? शेवटी होर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी लुई वूल्फ यांच्या सूचनेवरून केसीनचं हायड्रोलायसेट कोळशातून गाळून त्यातलं फिनाइलॲलनीन काढून टाकलं आणि तिला ते पाजलं. ती रांगायला लागली, उभी राहायला लागली, तिचं सततचं रडणं थांबलं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी वाचून मला अस्वस्थ व्हायला झालं. आईला न सांगता तिच्या अन्नात ते आम्ल पुन्हा मिसळलं. दिवसाभरात मुलगी ढासळली. आईने घाबरून येऊन सांगितलं तेव्हा त्यांची खात्री पटली. आजच्या नियमांत हे बसणार नाही. पण १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये जे छापून आलं त्यावर आजही जगभरातली हजारो मुलं नीट वाढतात.

या तिघांतले जॉन जेरार्ड पुढे १९५५ मध्ये कॅनडातल्या सॅस्काटूनला गेले आणि तिथे त्यांनी विषय धरला तो गायीच्या दुधाच्या ॲलर्जीचाच. 'काढा, बरं वाटतं का बघा, परत घाला, त्रास परत होतो का बघा' हे सूत्र या सगळ्या इतिहासाच्या गाभ्याशी आहे. ते सगळ्यात कडकपणे मांडलं टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या आर्मंड गोल्डमन यांनी, १९६३ मध्ये. त्यांची अट अशी: दूध बंद केल्यावर लक्षणं जायला हवीत, दूध दिल्यावर ४८ तासांत परत यायला हवीत, आणि हे एकदा नव्हे, तीन वेळा व्हायला हवं, तेही दर वेळी सारख्याच पद्धतीने. आपले टेस्टर 'नॉट रिप्रोड्युसिबल' म्हणून बग परत पाठवतात ना, अगदी तसं. आता तीन वेळा कुणी करत नाही. तीव्र ॲलर्जी असेल तर एकदासुद्धा इस्पितळातच करतात, कारण तिथे बाळाचा श्वास अडकू शकतो.

हे सूत्र किती महत्त्वाचं आहे ते आकड्यांवरून कळतं. जेरार्ड यांनी १९७३ मध्ये ७८७ नवजात बाळांच्या पाहणीतून ७.५ टक्के बाळांना दुधाची ॲलर्जी असल्याचं सांगितलं. डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या अभ्यासात, १९८५ मध्ये जन्मलेल्या १७४९ बाळांमध्ये, नीट चाचणी करून आकडा आला २.२ टक्के. आणि युरोपातल्या नऊ देशांत मिळून १२ हजारांहून जास्त बाळांचा जो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात डबल ब्लाइंड चाचणीने सिद्ध झालेली ॲलर्जी निघाली सुमारे अर्धा टक्का. व्याख्या आणि चाचणी बदलली की आजार पंधरापट लहान! (देश आणि काळही वेगळे आहेत, मान्य. पण तरी.)

आता या इतिहासाचा काळा भाग. जे बाळ फक्त आणि फक्त एका डब्यावर जगतं, त्याच्यासाठी तो डबा म्हणजे सगळं जग. त्यात एक क्षार कमी पडला तर दुसरीकडून भरून निघायचा प्रश्नच नाही. १९७८ मध्ये सिंटेक्स या अमेरिकन कंपनीने (गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक बनवणारी तीच ती) आपल्या निओ-मल-सॉय आणि चो-फ्री या सोया फॉर्म्युलातून वरून घातलेलं मीठ काढून टाकलं. हेतू चांगला होता, बाळांना जास्त मीठ नको. पण मिठाबरोबर क्लोराइडही गेलं. १९७९ च्या उन्हाळ्यात मेम्फिसच्या डॉक्टरांकडे वजन न वाढणारी, मलूल बाळं आली. रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडलेला, आणि सगळ्यांचा डबा एकच. ऑगस्टमध्ये माल परत मागवला गेला, आणि १९८० मध्ये अमेरिकेने बाळांच्या फॉर्म्युलासाठी स्वतंत्र कायदा केला. कोणतं पोषकद्रव्य किमान किती हवं याची यादी त्या कायद्यात आहे. एक ओळ डिलीट केली आणि प्रॉडक्शन कोसळलं, अशी पोस्टमॉर्टेम मी खूप वाचली आहेत. या पोस्टमॉर्टेममध्ये मात्र डाउनटाइम बाळांचा होता.

आणि शिकून झालं असं वाटत असतानाच २००३. इस्राएलमध्ये रेमेडिया नावाने विकलं जाणारं, जर्मनीच्या हुमाना कंपनीने बनवलेलं सोया फॉर्म्युला. त्याचा घटकक्रम बदलताना बी-१ जीवनसत्त्व घातलंच गेलं नाही. डब्यावर १०० ग्रॅममागे ३८५ मायक्रोग्रॅम लिहिलेलं, प्रत्यक्षात त्याच्या एक दशांशही नाही. काही बाळं दगावली, काही कायमची अपंग झाली. पालकांनी लेबल वाचलं होतं. लेबलच खोटं होतं.

खोट्याचा दुसरा प्रकार प्रयोगशाळेतला. १९८८ मध्ये नेस्लेच्या कार्नेशन कंपनीने अमेरिकेत 'गुड स्टार्ट' आणलं आणि त्यावर 'हायपोॲलर्जेनिक' असं लिहिलं. पण त्यातलं प्रोटीन अर्धवटच तोडलेलं होतं. आधीच ॲलर्जी असलेल्या काही बाळांना ते दिल्यावर तीव्र प्रतिक्रिया आल्या. चौकशी झाली आणि १९८९ मध्ये तो शब्द काढावा लागला. पुढे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने निकष पक्का केला: दुधाची ॲलर्जी असलेल्या किमान ९० टक्के बाळांना चालतं हे ९५ टक्के खात्रीने सिद्ध करा, मगच तो शब्द वापरा.

पण कंपन्यांना दुसरा दरवाजा दिसला होता. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना नाही चालत ना, मग ज्यांना होऊ शकते त्यांना 'प्रतिबंधक' म्हणून विकू! यासाठी पुरावा पुरवणाऱ्यांत आघाडीवर होते आपलेच रणजित कुमार चंद्रा. भारतात जन्मलेले, कॅनडाच्या मेमोरियल विद्यापीठात नावाजलेले, 'ऑर्डर ऑफ कॅनडा' मिळालेले. त्यांचे अभ्यास सांगत होते की असं फॉर्म्युला दिल्याने पुढची ॲलर्जी टळते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच हाताखालच्या नर्सच्या लक्षात आलं की ती अजून अभ्यासासाठी बाळं शोधतेच आहे, आणि निकाल मात्र छापून आले आहेत. तिने तक्रार केली. विद्यापीठाच्या चौकशीत गैरप्रकार आढळला, पण तो अहवाल बाहेर आलाच नाही. २००६ मध्ये सीबीसी वाहिनीने हे प्रकरण उघड केलं. चंद्रांनी वाहिनीवर बदनामीचा खटला भरला, तो ते २०१५ मध्ये हरले. त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यांचा १९८९ चा लेख मागे घेतला आणि त्यांचा सन्मानही काढून घेतला गेला. म्हणजे एक खोटा पेपर २६ वर्षं इतर पेपरांत संदर्भ म्हणून फिरत होता. २०१६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ॲलर्जी टाळण्यासाठी हायड्रोलायसेटचा उपयोग होतो याला भरवशाचा पुरावा निघाला नाही. उपचार म्हणून ते चालतं, लस म्हणून नाही.

ज्या थोड्या बाळांना हायड्रोलायसेटचे तुकडेही सोसत नाहीत त्यांच्यासाठी साखळीचे मणीच सुटे करून दिले जातात, म्हणजे नुसती अमिनो आम्लं. याची एक मुळी थेट अंतराळ कार्यक्रमात आहे. १९६५ मध्ये मिल्टन विनिट्झ यांनी अंतराळवीरांसाठी शुद्ध रसायनांचा आहार बनवून कॅलिफोर्नियातल्या व्हॅकाव्हिलच्या स्वयंसेवक कैद्यांना तो खाऊ घातला. अंतराळापेक्षा इस्पितळातच तो जास्त उपयोगी पडला. पुढे १९८० च्या दशकात लिव्हरपूलच्या एका कंपनीने बाळांसाठी नियोकेट काढलं.

हे सगळं इतकं नाजूक आहे हे २०२२ मध्ये पुन्हा दिसलं. फेब्रुवारीत ॲबटचा मिशिगनमधल्या स्टर्जिसचा कारखाना जंतूंच्या संशयावरून बंद पडला. अमेरिकेतलं अमिनो आम्लांचं एक प्रमुख फॉर्म्युला तिथेच बनायचं. मे महिन्यात परिस्थिती अशी आली की जर्मनीच्या रामस्टाइन तळावरून लष्कराचं सी-१७ विमान सुमारे ३५ टन ॲलर्जीवरचं फॉर्म्युला घेऊन इंडियानापोलिसला उतरलं.

एकीकडे हा तुटवडा, आणि दुसरीकडे अतिरेक. इंग्लंडमध्ये या खास फॉर्म्युलांची प्रिस्क्रिप्शन्स २००६ मध्ये वर्षाला सुमारे १ लाख ५ हजार होती, ती २०१६ मध्ये ६ लाखांवर गेली. ॲलर्जी दहा वर्षांत सहापट वाढत नसते. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने यावर लेख छापला. त्यातला मुद्दा असा की निदानाच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या अनेकांचे फॉर्म्युला कंपन्यांशी आर्थिक संबंध होते, आणि रडणं, पुरळ, दूध ओकणं अशी बहुतेक बाळांत दिसणारी लक्षणं ॲलर्जीच्या खात्यावर जात होती. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळांच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. ते बरंच आहे. पण डबा खिशातून घ्यावा लागतो, त्यामुळे इथे उलटंही होतं: ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याला तो परवडत नाही. म्हणून मित्राला मी एवढंच म्हटलं की पहिले दोन ते चार आठवडे झाले की डॉक्टरांना विचार, परत दूध देऊन खात्री कधी आणि कशी करायची. आणि आई अजून पाजत असेल तर ते बंद करू नका. गरज पडली तर आईने स्वतः दूध, दही, पनीर सोडून बघायचं असतं, कारण तिने खाल्लेल्या दुधाचा अंश तिच्या दुधात उतरू शकतो.

चांगली बातमी अशी की यातली बहुतेक मुलं बरी होतात. ओडेन्सेच्या त्या अभ्यासात एका वर्षाची होईतो ५६ टक्के, दोन वर्षांची होईतो ७७ टक्के आणि तीन वर्षांची होईतो ८७ टक्के मुलं दूध पचवू लागली होती. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवलं की दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना भट्टीत चांगलं भाजलेलं दूध, म्हणजे केक किंवा मफिनमधलं, आधीच चालतं. उष्णतेने प्रोटीनचा आकारच बदलतो. त्यावरून आता डॉक्टर पायरीपायरीने जातात: आधी बिस्किट, मग केक, मग चीज, आणि सगळ्यात शेवटी ग्लासभर दूध.

आणि त्या वासाचं काय? फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत जूली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी यावर बरंच काम केलं आहे. चार महिन्यांच्या आत सुरू केलं तर बाळं हे कडू दूध तक्रार न करता पितात. सात-आठ महिन्यांनी पहिल्यांदा दिलं तर तोंड फिरवतात. २००२ च्या त्यांच्या अभ्यासात अशी मुलं चार-पाच वर्षांची झाल्यावर त्यांना वेगवेगळ्या चवींचे रस दिले. ज्यांनी लहानपणी हायड्रोलायसेट प्यायलं होतं, त्यांना आंबट रस इतर मुलांपेक्षा जास्त आवडला. आणि गायीच्या दुधाच्या साध्या फॉर्म्युलावर वाढलेल्या मुलांपेक्षा या मुलांना ब्रोकोली जास्त आवडते, असं त्यांच्या आयांनी सांगितलं. आपल्याकडे हा प्रयोग कारल्यावर करायला हवा.